काही सुटलं तर व्होल्टेज खालीच यावं

इंदूरच्या रामबागेत रविवारी शाळा-कॉलेजची मुलं इलेक्ट्रॉनिक्सचे प्रोजेक्ट करायला जमतात. त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी बॅटरीवर चालणारे, व्होल्टेज बदलता येणारे सहा कन्व्हर्टर बांधले. पहिले दोन मोडून पुन्हा बांधावे लागले. तेव्हा जे कळलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्याच वाटेने जावं लागणार नाही.

गरज साधी होती. ईएसपी८२६६ या वाय-फाय कंट्रोलरला ३.३ व्होल्ट लागतात, बहुतेक सेन्सर आणि रिले-बोर्डांना ५, पिवळ्या गिअर मोटरी आणि छोटे सर्व्हो ६वर बरे चालतात, आणि आर्डुइनो युनोच्या गोल जॅकला ७ ते १२मधलं काहीतरी द्यावं लागतं. मुलं हे सगळं ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालवू पाहतात. त्या डबीत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल असतात, त्यामुळे तिचा आतला रोध मोठा असतो. सर्व्होने झटक्यात अर्धा अँपिअर मागितला की व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर रीसेट होतो, आणि मूल प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतं. चूक प्रोग्राममध्ये नसतेच.

दुसरा नेहमीचा मार्ग म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी आणि ७८०५ ही रेग्युलेटर आयसी. ती आयसी १२चे ५ करते म्हणजे उरलेले ७ व्होल्ट उष्णतेत घालवते. अर्ध्या अँपिअरला साडेतीन वॅट नुसती उष्णता आणि कामाचे अडीच वॅट. स्विचिंग कन्व्हर्टर, म्हणजे आतला स्विच झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा, ८० टक्के कार्यक्षमतेने चालला तर तेच अडीच वॅट द्यायला बॅटरीतून अर्ध्याऐवजी साधारण पाव अँपिअर घेतो. २००० मिलीअँपिअर-तासाच्या पॅकवर हिशोबाने चार तासांऐवजी साडेसात तास मिळतात. बॅटरीच्या प्रोजेक्टमध्ये हा फरक फार मोठा आहे.

म्हणून एलएम२५९६ ही स्विचिंग कन्व्हर्टरची आयसी घेतली, ॲडजस्टेबल प्रकारची, पाच पायांची टीओ-२२० पॅकेजमधली. हिच्यापेक्षा नव्या आणि जास्त कार्यक्षम आयसी आहेत, पण त्या तांदळाएवढ्या असतात आणि शाळकरी हातांना झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या बोर्डावर) लावता येत नाहीत. तयार मॉड्यूलही सगळीकडे मिळतं. ते घेतलं नाही याची दोन कारणं. एक, मुलांना प्रत्येक भाग दिसावा आणि हाताला लागावा अशी इच्छा होती. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, ते पुढे येईल.

बॅटरी म्हणून तीन १८६५० लिथियम सेल एका ओळीत, सोबत तीन सेलचा बीएमएस, म्हणजे बॅटरीचं संरक्षण करणारा बोर्ड. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, उतरल्यावर साधारण ९. एलएम२५९६च्या आतल्या स्विचवर एक व्होल्टच्या आसपास जातो, म्हणून बॅटरी ९वर आली की बाहेर ८च्या वर काही मिळणार नाही. आम्ही वरची मर्यादा साडेसात ठेवली. बाहेरून ९ व्होल्टची पायरी द्यायचा मोह होतो, पण ती बॅटरी पूर्ण उतरायच्या आधीच ढासळू लागते. जे टिकणार नाही ते कन्व्हर्टरच्या डबीवर लिहू नये.

सामान महाराणी रोडवर मिळालं. तिथे कपॅसिटरला कंडेन्सर आणि इंडक्टरला कॉइल म्हणून मागितलं की लगेच समजतं. एका नगाला लागणारं सामान असं: एलएम२५९६ ॲडजस्टेबल, १एन५८२२ शॉट्की डायोड, ६८ मायक्रोहेन्रीची कॉइल, इनपुटला ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, आउटपुटला २२० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन, १०४ छापलेले दोन सिरॅमिक, आयआरएफ९५४० मॉस्फेट, १० किलोओहमचा एक रेझिस्टर, २ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट, १.१ अँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप पुन्हा जोडला जाणारा फ्यूज), चालू-बंदचं बटण, एक ध्रुव आणि चार जागांचा रोटरी स्विच, एक एलईडी आणि तिला १ किलोओहम, आणि फीडबॅकचे एक टक्क्याचे, निळ्या अंगाचे रेझिस्टर. ते किती ओहमचे ते पुढे देतो.

कॉइलपाशी दोन चुका हमखास होतात. पहिली वाचण्याची. कॉइलवर ६८० छापलेलं असतं तेव्हा ती ६८ मायक्रोहेन्री असते, ६८० नव्हे. शेवटचा आकडा शून्यं मोजतो. १०१ म्हणजे १००, ३३० म्हणजे ३३. दुसरी चूक म्हणजे रेझिस्टरसारखी दिसणारी, रंगीत पट्ट्यांची बारीक कॉइल लावणं. तिचं मूल्य बरोबर असलं तरी तार केसासारखी आणि गाभा इवलासा असतो. पाव अँपिअरच्या पुढे गाभा संपृक्त होतो, मग कॉइल नुसती तार उरते आणि आयसी तापते. एक अँपिअरसाठी ड्रमच्या आकाराची, जाड तारेची, निदान दीड ते दोन अँपिअरची कॉइल हवी. १२ व्होल्टवरून ५ काढताना ६८ मायक्रोहेन्रीतून प्रवाह साधारण ०.२९ अँपिअर वरखाली होतो, ३३ असेल तर त्याच्या दुपटीने. म्हणून ६८ किंवा १०० घ्यावी.

डायोडला पर्याय शोधू नये. १एन४००७ घरात पडलेला असतो आणि अँपिअर पुरेसे दिसतात, पण तो बंद व्हायला काही मायक्रोसेकंद घेतो. ही आयसी १५० किलोहर्ट्झवर चालते, तिचं पूर्ण आवर्तनच ६.७ मायक्रोसेकंदांचं असतं. डायोड बंद होतोय तोवर पुढचं आवर्तन सुरू झालेलं असतं आणि बॅटरी त्याच्यातून थेट ग्राउंडकडे वाहते. मुद्दाम एकदा लावून दाखवला तर मुलांना बोटाने कळतं. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये.

कंडेन्सरबद्दल एवढंच, की १०५ अंश छापलेला प्रत्येक कंडेन्सर लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला, नसतो. साधा असेल तर दोन जोडून लावावेत, आतला रोध निम्मा होतो आणि आउटपुटवरची लहर, म्हणजे व्होल्टेजचं बारीक वरखाली होणं, तीही. एका साध्या कंडेन्सरवर एक अँपिअरला ८०-९० मिलिव्होल्टची लहर दिसली, दुसरा जोडल्यावर चाळिशीत आली. उलट नुसते सिरॅमिक लावून इलेक्ट्रोलिटिक काढून टाकला तर ही जुनी आयसी अस्थिर होते. तिला थोडा ईएसआर लागतोच.

आता मुख्य गोष्ट. व्होल्टेज ठरतं कसं? आयसीचा चौथा पाय, फीडबॅक, स्वतःजवळ १.२३ व्होल्ट राहतील असं आउटपुट वरखाली करत राहतो. आउटपुटपासून या पायापर्यंतचा वरचा रेझिस्टर आणि या पायापासून ग्राउंडपर्यंतचा खालचा, यांच्या प्रमाणावर सगळं अवलंबून. वरच्याला खालच्याने भागा, एक मिळवा, १.२३ने गुणा.

बहुतेक मॉड्यूलमध्ये आणि आमच्या पहिल्या दोन नगांत बदलता येणारा रेझिस्टर, म्हणजे पॉट, वरच्या जागी होता. खाली १ किलोओहम, वर १० किलोओहमचा पॉट. हिशोबाला सोपं, फिरवलं की व्होल्टेज सरळ रेषेत वाढतं. पण पॉटचं मधलं टोक धुळीने, गंजाने किंवा धक्क्याने क्षणभर सुटलं तर काय होतं पाहा. फीडबॅक पायाला वरून काहीच येत नाही, खालचा रेझिस्टर त्याला शून्यावर ओढतो, आयसीला वाटतं की आउटपुट शून्य झालं आहे, आणि ती आतला स्विच सतत चालू ठेवते. बाहेर जवळजवळ अख्खी बॅटरी. मधलं टोक कडेच्या टोकाला जोडायचा नेहमीचा उपायही इथे कामाचा नाही, कारण मग पूर्ण १० किलोओहम मध्ये येतात आणि हिशोब साडेतेरा व्होल्ट सांगतो, म्हणजे पुन्हा अख्खी बॅटरी. ३.३वर लावलेला ईएसपी८२६६ असाच गेला. पॉट फिरवला नव्हता, डबी फक्त एका टेबलावरून दुसऱ्यावर ठेवली होती.

तिथून पुढे आम्ही एकच कसोटी धरली: मुलाच्या हाताला लागणारा कुठलाही भाग सुटला, हलला, तुटला तर व्होल्टेज खाली यायला हवं. ही कसोटी लावली की बदलणारा भाग आपोआप खालच्या बाजूला जातो. खालचा रेझिस्टर सुटला तर फीडबॅक पाय आउटपुटबरोबर वर जातो, आयसी हात आखडते आणि आउटपुट १.२३वर येऊन थांबतं.

फक्त पॉटच हवा असेल तर वर १.५ किलोओहम पक्का, खाली २७० ओहम पक्का आणि त्याच्यासोबत ओळीत १ किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट), मधलं टोक कडेला जोडून. हा २.७ ते ८.१ व्होल्ट देतो. मधलं टोक सुटलं तर २.७. याचा एक तोटा आहे: फिरवणं आणि व्होल्टेज यांचं नातं सरळ राहत नाही. २५ फेऱ्यांच्या प्रीसेटवर ३.३च्या आसपास एका फेरीला जेमतेम ०.१ व्होल्ट बदलतो, ५च्या आसपास ०.३, आणि ८च्या जवळ एक व्होल्ट. एका फेरीचा स्वस्त प्रीसेट लावला तर वरच्या टोकाला तो हाताळताच येत नाही.

वर्गासाठी आम्ही रोटरी स्विच केला, कारण मुलांना चारच व्होल्टेज लागतात आणि प्रत्येक वेळी मीटर लावून प्रीसेट फिरवायला कुणी थांबत नाही. रचना अशी. वर १.५ किलोओहम. खाली ८२० आणि ६८ ओहम ओळीत, म्हणजे ८८८, कायमचे डाक दिलेले, स्विचशी संबंध नाही. एवढ्यावर ३.३ मिळतं. स्विचच्या पहिल्या जागेवर काहीच जोडलेलं नाही. दुसऱ्या जागेवर ८८८ला समांतर १ किलोओहम अधिक ८२ येतात आणि ५.०१ व्होल्ट होतात. तिसरीवर ६८० ओहम, ६.०२. चौथीवर ३९० अधिक ४७, ७.५३. स्विच एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मध्ये क्षणभर काहीच जोडलेलं नसतं. त्या क्षणी व्होल्टेज ३.३कडे उतरतं, वर उडत नाही. स्विच मेला, तार तुटली, नॉब अर्धवट राहिला, तरी खालची पायरी. आयसीच्या १.२३मध्ये दोन्हीकडे तीनेक टक्क्यांचा फरक असू शकतो, म्हणून ३.३ची पायरी वाईटात वाईट ३.४ दाखवेल. ईएसपीची मर्यादा ३.६ आहे, चालतं.

हे रेझिस्टर कुठे बसतात यालाही महत्त्व आहे. फीडबॅक पाय फार संवेदनशील असतो. पहिल्यांदा आम्ही स्विचच्या मधल्या टोकाची तार फीडबॅक पायाला जोडली होती, पंधरा सेंटीमीटर लांब, कॉइलशेजारून जाणारी. कन्व्हर्टर बारीक शीळ घालू लागला आणि मीटरवरचा शेवटचा आकडा स्थिर राहीना. उपाय म्हणजे सगळे रेझिस्टर बोर्डावर पायाला अगदी चिकटून लावायचे, त्यांची दुसरी टोकं तारांनी स्विचच्या जागांना न्यायची, आणि स्विचचं मधलं टोक ग्राउंडला. लांब तारा अशा प्रकारे ग्राउंडच्या बाजूला पडतात. शीळ थांबली.

एक धोका मात्र उरतो आणि तो सांगितलाच पाहिजे. वरचा दीड किलोओहम सुटला, किंवा चौथ्या पायाचाच डाक कोरडा राहिला, तर व्होल्टेज वरच जाणार. तो भाग हलणारा नाही, बोर्डाला पक्का आहे, म्हणून धोका कमी आहे इतकंच. ते तीन जोड आम्ही भिंगातून बघतो आणि चिमट्याने ओढून पाहतो, मगच पुढे जातो. आणि आयसी स्वतःच आतून शॉर्ट झाली तर कुठलाही रेझिस्टर वाचवत नाही.

बांधणीकडे येऊ. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून पहिला इनपुट, दुसरा आउटपुट, तिसरा ग्राउंड, चौथा फीडबॅक, पाचवा चालू-बंद. पाचवा ग्राउंडला जोडायचाच. मोकळा सोडू नये. मागची धातूची पट्टी ग्राउंडच आहे, त्यामुळे हीटसिंकपासून वेगळं ठेवायला अभ्रक लागत नाही. पायांमधलं अंतर १.७ मिलिमीटर असतं आणि झिरो पीसीबीची भोकं २.५४वर, म्हणजे ती सरळ बसत नाही. पहिला, तिसरा, पाचवा पाय पुढच्या ओळीत आणि दुसरा, चौथा मागच्या ओळीत वाकवले की बसते. पाय मुळाशी वाकवू नयेत; पातळ पकडीने दोन मिलिमीटर सोडून धरावं आणि मग वाकवावं.

आधी इनपुटचा कंडेन्सर आणि १०४, पहिल्या आणि तिसऱ्या पायाला लागून, एक सेंटीमीटरच्या आत. मग डायोड: पट्टीची बाजू दुसऱ्या पायाला, दुसरं टोक त्याच ग्राउंडला जिथे इनपुट कंडेन्सरचं ऋण टोक आहे. कंडेन्सर, आयसी आणि डायोड यांचं वर्तुळ जितकं आखूड तितका गोंगाट कमी. दुसऱ्या पायापासून कॉइल, कॉइलच्या पलीकडे आउटपुटचे कंडेन्सर. ग्राउंड जाड हवा, म्हणून झिरो पीसीबीखाली कापलेल्या पायांच्या तारा आडव्या ठेवून भरघोस डाक दिला. इथे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं, जोड थंड राहतो, ४०चं घ्यावं.

पॉलिफ्यूज आउटपुटला, पण फीडबॅकची तार त्याच्या आधीच्या बाजूने घ्यायची. नंतरच्या बाजूने घेतली आणि शॉर्टमुळे पॉलिफ्यूज उघडला, तर फीडबॅकला शून्य दिसतं आणि आयसी पुन्हा स्विच सतत चालू ठेवते. तीच जुनी चूक वेगळ्या वाटेने. आधीच्या बाजूने घेतल्यावर एक अँपिअरला पॉलिफ्यूजवर ०.१ व्होल्टच्या आसपास पडतो, तो सोसावा. काचेचा फ्यूज आउटपुटच्या शॉर्टसाठी नाही, कारण तेव्हा आयसी स्वतःच साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह रोखते आणि बॅटरीतून फार काही जात नाही. तो आयसी शॉर्ट झाली तर तारा जळू नयेत म्हणून आहे.

उलट्या बॅटरीपासून वाचवायला आयआरएफ९५४० मॉस्फेट. त्याचे तीन पाय म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स. ड्रेन बॅटरीच्या धन टोकाकडे, सोर्स सर्किटकडे, गेट १० किलोओहममधून ग्राउंडला. हे वाचताना उलटं वाटतं, म्हणून बरेच जण सोर्स बॅटरीकडे लावतात. तसा लावला तरी सगळं व्यवस्थित चालतं, संरक्षण मात्र शून्य असतं, कारण आतला डायोड उलट बॅटरीला वाट देतो. चालतंय म्हणून बरोबर आहे असं इथे धरता येत नाही. आयसी लावण्याआधी बॅटरी मुद्दाम उलटी जोडून पुढे व्होल्टेज येतं का ते मीटरने पाहावं.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरी आणि बोर्ड यांच्यात मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब ओळीत लावला. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट. ही चाचणी लोडशिवायच करायची. लोड असेल तर बल्बवर व्होल्टेज पडतं, कन्व्हर्टर कमी इनपुटवर जास्त प्रवाह मागतो, बल्बवर आणखी पडतं, आणि चांगला बोर्डही बिघडल्यासारखा दिसतो.

मग चारही पायऱ्या मीटरने. मग स्विचच्या तारा एकेक सोडवून प्रत्येक वेळी ३.३ येतंय याची खात्री. ही चाचणी मुलांकडून करवून घेतली. मग लोड: १० ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर ५च्या पायरीवर, म्हणजे अर्धा अँपिअर. बॅटरी ११.४ व्होल्टवर असताना ०.२७ अँपिअर घेतला गेला, कार्यक्षमता ८१ टक्क्यांच्या आसपास. दोन रेझिस्टर समांतर लावून एक अँपिअरला अर्धा तास चालवलं. आयसीत वॅटभर उष्णता होते आणि हीटसिंकशिवाय दर वॅटला साधारण ५० अंश चढतात. जानेवारीत चालून जातं, पण इंदूरच्या मे महिन्यात खोलीतच चाळीस असतात, डबीत त्याहून जास्त. छोटी ॲल्युमिनियमची पट्टी लावून टाकावी, डबीला वर-खाली भोकं ठेवावीत.

सहापैकी एका नगात कॉइल बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापत होती. मीटर हर्ट्झवर लावून दुसरा पाय तपासला तर १५०ऐवजी ५०च्या आसपास किलोहर्ट्झ. छाप बरोबर, आत दुसरी चिप. तिहाई वारंवारितेला त्याच कॉइलमधून प्रवाहाची लहर तिप्पट होते. आयसी बदलली. तेव्हापासून लोडच्या आधी वारंवारिता मोजतो.

लोड नसतानाही ही आयसी ५ मिलीअँपिअरच्या आसपास घेत राहते, एलईडी वेगळी. विसरलेली डबी दोन-अडीच आठवड्यांत पॅक रिकामा करते, म्हणून बटण बॅटरीच्या लगेच पुढे लावलं आहे. चार्जर १२.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचाच वापरायचा. राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर त्याच जॅकमध्ये बसतो, म्हणून चार्जिंगचा जॅक आम्ही वेगळ्या मापाचा लावला. डबीवर पायऱ्यांचे आकडे, एक अँपिअरची मर्यादा आणि "वायर जोडण्याआधी नॉब ३.३वर" असं लिहून वर पारदर्शक टेप चिकटवली आहे.